पुन्हा छाती उघडावीच लागेल असं नाही

लहानपणी फॅलोच्या टेट्रालॉजीचं (हृदयातल्या एका जन्मजात दोषाचं) ऑपरेशन झालेल्या मुलीची पल्मनरी झडप, म्हणजे हृदयातून फुफ्फुसाकडे जाणाऱ्या वाटेवरची झडप, आता गळतेय, पुन्हा छाती उघडायची का, या प्रश्नाबद्दल थोडं. अनेकांना मांडीच्या शिरेतून कॅथेटरने (बारीक लवचिक नळीने) नवी झडप बसवता येते. २००० साली पॅरिसमध्ये डॉ. फिलिप बोनहोफर यांनी १२ वर्षांच्या मुलाला स्टेंटमध्ये (धातूच्या जाळीदार नळीत) शिवलेली, गाईच्या मानेतल्या शिरेची झडप अशी पहिल्यांदा बसवली.

पण सगळ्यांना हे जमत नाही. झडपेच्या जागी आधी फुगा फुगवून कोरोनरी धमनी (हृदयालाच रक्त पुरवणारी) दबते का ते पाहतात. दबत असेल तर ऑपरेशनच बरं, तिथे हट्ट करू नये. लहानपणी पॅच लावून फुफ्फुसाकडे जाणारा हा मार्ग खूप रुंदावला असेल, तर जुन्या प्रकारच्या झडपा तिथे टिकत नाहीत; नव्या, आपोआप फुलणाऱ्या झडपा त्यासाठीच आल्या.

कृपा करून दम लागेपर्यंत थांबू नका. हृदयाचा उजवा कप्पा त्रास न देताही फुगत राहतो, म्हणून एमआरआय करून मोजमाप ठेवा. झडप बसल्यावर दात सांभाळा, तोंडातले जंतू रक्तातून झडपेपर्यंत जाऊ शकतात. ताप रेंगाळला तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ही तपासणी) करायला सांगा, कारण झडपेला जंतुसंसर्ग होऊ शकतो.