खासगी रुग्णालयांत सिझेरियन इतके का?

प्रश्न : २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के, तर सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. एवढी तफावत केवळ वैद्यकीय गरजेमुळे पडते का?

उत्तर १ : मला तसे वाटत नाही, कारण नैसर्गिक प्रसूतीसाठी रात्रभर ताटकळावे लागते, तर शस्त्रक्रिया ठरल्या वेळी उरकते आणि बिलात भूल, शस्त्रक्रियागृह व खाटेचे वाढीव दिवस चढतात. (आमच्या नात्यात तर मुहूर्तही काढून आणतात!)

उत्तर २ : सरकारी आकडा कमी म्हणून तिथली सेवा सरस, असेही समजू नये, भूलतज्ज्ञ नाही म्हणून ग्रामीण रुग्णालयातून पुढे धाडलेली बाई शेवटी कोणाच्या खात्यात मोजली जाते, ते पाहावे.

उत्तर ३ : तुलनेसाठी रॉबसन वर्गीकरण घ्यावे, ज्यात पहिलटकरीण, आधीचे सिझेरियन, जुळे, पायाळू असे दहा गट वेगवेगळे मोजतात.