बुबुळापेक्षा नजर जास्त बोलते

कुणीतरी लिहिलंय की डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर हेडसेटमधले कॅमेरे डोळ्यांवरच रोखलेले असतात, म्हणजे आपलं बुबुळ कंपनीकडे गेलंच. यात बुबुळ आणि नजर या दोन गोष्टींची गल्लत होतेय.

ॲपलच्या व्हिजन प्रो या हेडसेटमध्ये बुबुळावरून ओळख पटवणारी 'ऑप्टिक आयडी' आहे. तिचा साचा कूटबद्ध करून उपकरणातच ठेवला जातो, बाहेर जात नाही, असं कंपनी सांगते. तसंही बुबुळाचं म्हणाल तर २०१० साली नंदुरबारच्या टेंभलीत पहिलं आधार दिलं गेलं, तेव्हापासून आपण रांगा लावून ती देतोच आहोत!

मला खरी काळजी वाटते ती नजरेची. या हेडसेटमध्ये टाइप करताना हव्या त्या अक्षराकडे बघायचं आणि हवेतच अंगठा-बोटाची चिमूट करायची. व्हिडिओ कॉलवर आपल्या जागी 'पर्सोना' नावाचा डिजिटल चेहरा दिसतो, त्याचे डोळे आपल्यासारखेच फिरतात. २०२४ मध्ये संशोधकांनी त्या चेहऱ्याच्या नुसत्या व्हिडिओवरून माणूस काय टाइप करतोय हे बऱ्यापैकी ओळखून दाखवलं. हल्ल्याचं नाव 'गेझप्लॉइट'. ना हॅकिंग, ना हेडसेटला हात! हेडसेटच्या व्हिजनओएस या प्रणालीच्या १.३ आवृत्तीत उपाय आला: कीबोर्ड उघडा असेल तेव्हा पर्सोना थांबतो. सोपा उपाय, पण आधी सुचला नव्हता.

आणि 'नजरेचं ट्रॅकिंग (माग घेणं) बंदच करा' म्हणणाऱ्यांनो, जिथे नजर तिथेच चित्र बारकाईने रंगवायचं ही युक्ती त्यावरच चालते, शिवाय मेनूतली निवडही.