ट्रान्सफेरिन ग्राहीचे प्रतिपिंड: के-५६२ मध्ये ठळक पट्टी, हेप-जी-टू मध्ये जवळजवळ काहीच नाही

राजारामपुरी_संशोधक (प्रश्न)

कोल्हापुरातील एका प्रयोगशाळेत मी यकृतपेशींमधील लोहाच्या नियमनावर पीएच.डी.चे काम करीत आहे. लोहवाहक ट्रान्सफेरिन प्रथिनाला पेशीच्या पृष्ठभागावर पकडून आत घेणारा ट्रान्सफेरिन ग्राही-१, म्हणजे सीडी-७१, शोधण्यासाठी आम्ही एच-६८.४ या क्लोनचे मोनोक्लोनल (ग्राहीच्या एकाच ठरावीक जागेला चिकटणारे) प्रतिपिंड मागविले. पावसामुळे पार्सल वाटेत अडकून पडले आणि ते हाती आले तेव्हा आतील बर्फाच्या पिशव्या पूर्ण वितळलेल्या होत्या.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिने जेलवर आकारानुसार वेगळी करून, पातळ पटलावर उतरवून प्रतिपिंडाने शोधण्याच्या पद्धतीत) के-५६२ पेशींच्या अर्कात सुमारे ९५ किलोडाल्टनवर स्वच्छ पट्टी दिसते, परंतु हेप-जी-टू या यकृतपेशींत ती अत्यंत फिकट येते. दोन्हींतील अ‍ॅक्टिनची (तुलनेसाठी पाहिल्या जाणाऱ्या नेहमीच्या प्रथिनाची) पट्टी सारखी आहे, तेव्हा प्रथिनाचे प्रमाण कमी पडले असे म्हणता येत नाही. के-५६२ पेशींवर हेच प्रतिपिंड वापरून फ्लो सायटोमेट्री (एकेका पेशीवरील चमक मोजण्याची पद्धत) केली, तर जिवंत पेशींचा आलेख आयसोटाइप नियंत्रणावरच, म्हणजे ग्राहीला न ओळखणाऱ्या त्याच प्रकारच्या प्रतिपिंडाच्या आलेखावरच, येऊन बसतो. हेप-जी-टू पेशी आम्ही नेहमीप्रमाणे ट्रिप्सिन या प्रथिने कापणाऱ्या विकराने बशीपासून सोडवून, धुऊन, मगच फोडतो. प्रतिपिंड वाटेत खराब झाले असावे असे मार्गदर्शक सरांचे मत आहे. नवीन कुपी मागविण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

दसरा_चौक

आपल्या सरांचा आदर राखून सांगतो की, प्रतिपिंड खराब झाले असते तर के-५६२ मध्येही पट्टी आली नसती. शुद्ध केलेले आयजीजी (या वर्गाचे प्रतिपिंड) सामान्य तापमानाला एखाद-दोन दिवस बहुधा निभावून नेते. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला होता, तेव्हापासून अशी वितळलेली पार्सले आपल्याकडील प्रयोगशाळांना नवीन राहिलेली नाहीत. फेकून देण्याआधी ती तपासावीत एवढेच.

खरा फरक आपल्या प्रश्नातच लिहिलेला आहे. के-५६२ या रक्तकर्करोगाच्या पेशी माध्यमात तरंगतात, त्यांना ट्रिप्सिन लागतच नाही. हेप-जी-टू तळाला चिकटतात आणि आपण त्यांना ट्रिप्सिनने सोडविता. या ग्राहीची ७६० अमिनो आम्लांची साखळी पेशीपटल एकदाच ओलांडते; तिचे अमिनो टोक पेशीच्या आत आणि कार्बॉक्सी टोकाकडील मोठा भाग बाहेर असतो. पटलाच्या लगेच वर, १२१व्या अमिनो आम्लापाशी, ट्रिप्सिन तिला कापते आणि बाहेरचा सुमारे ७० किलोडाल्टनचा तुकडा द्रावणात सुटतो. पेशी धुताना तो ओतून दिला जातो.

एच-६८.४ मात्र आतील शेपटीला चिकटते. ती शेपटी पेशीतच राहते, पण आता ती पंधरा किलोडाल्टनच्या आसपासच्या लहानशा खुंटावर असते, आणि १० टक्के जेलवर असा खुंट निळ्या रंगाच्या रेषेबरोबर खाली निघून जातो. प्रतिपिंडाला ओळखायला हवे ते ब्लॉटच्या पटलावर उरतच नाही. फिकट पट्टी दिसते ती पेशीच्या आतील कप्प्यांत असलेल्या, म्हणून ट्रिप्सिनच्या हाती न लागलेल्या ग्राहींची. हा साठा लहान नसतो, कारण ग्राही क्लॅथ्रिन प्रथिनाने मढविलेल्या पेशीपटलाच्या खळग्यांतून आत जातो, आम्लधर्मी कप्प्यात लोह सोडतो आणि साधारण दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा पृष्ठभागावर येतो. म्हणूनच आपली पट्टी नाहीशी न होता फिकी झाली.

पुढच्या वेळी ट्रिप्सिन वापरूच नका. बशी बर्फावर ठेवा, थंड फॉस्फेट बफरने दोनदा धुवा, प्रोटिएज (प्रथिने कापणारे विकर) रोधक घातलेले रीपा हे पेशी फोडणारे बफर थेट बशीत घाला आणि रबरी खरवडणीने अर्क गोळा करा. खातरजमा करायची असल्यास ट्रिप्सिन दिलेल्या पेशींचा अर्क १५ टक्के जेलवर चालवून खाली खुंट दिसतो का ते पाहा. बाहेरच्या भागाविरुद्धचे एखादे पॉलिक्लोनल (अनेक जागांना चिकटणारे) प्रतिपिंड शेजारच्या विभागात असेल, तर ट्रिप्सिनचे वरचे द्रावण फेकून न देता तेही चालवा. ७० किलोडाल्टनचा तुकडा तेथे सापडायला हवा.

पेशी_आणि_पिंड

दसरा_चौक यांनी ब्लॉटचे सांगितले, मी फ्लोचे सांगते. जिवंत, अखंड पेशीत प्रतिपिंड शिरूच शकत नाही, आणि एच-६८.४ला हवी असलेली जागा पेशीच्या आत आहे, त्यामुळे आपला आलेख आयसोटाइपवर बसला यात नवल नाही. पृष्ठभागावरील ग्राही मोजायचा असेल तर बाहेरच्या भागाला चिकटणारा ओकेटी-९ सारखा क्लोन घ्यावा. १९८१ मध्ये या ग्राहीची ट्रान्सफेरिनशी ओळख पटली ती याच प्रतिपिंडाच्या मदतीने. पेशी बर्फावर ठेवाव्यात आणि बफरमध्ये सोडियम अ‍ॅझाइड घालावे, नाहीतर रंगविता रंगविताच ग्राही प्रतिपिंडासह आत ओढला जातो. हेप-जी-टू पेशी फ्लोसाठी सोडवितानाही ट्रिप्सिनऐवजी नुसते ईडीटीए (कॅल्शियम बांधून पेशींची पकड सैल करणारे रसायन) वापरावे.

एच-६८.४ हेच वापरायचे असेल, तर पेशी आधी फॉर्माल्डिहाइडने स्थिर करून ०.१ टक्के सॅपोनिनने छिद्रित कराव्यात. सॅपोनिनचा परिणाम उलटणारा असतो, म्हणून ते प्रतिपिंडाच्या आणि धुण्याच्या प्रत्येक बफरमध्ये असावे लागते. अनेक विद्यार्थी ते केवळ पहिल्या पायरीत घालतात आणि मग प्रतिपिंडाला दोष देतात. या पद्धतीने मिळणारा आकडा पृष्ठभाग आणि आतला साठा मिळून एकूण ग्राहीचा असेल, हेही प्रबंधात स्पष्ट लिहावे.

पट्टी खरोखर याच ग्राहीची आहे हे परीक्षकांना दाखवायला लोहाचाच उपयोग करा. काही पेशींना १०० मायक्रोमोलर डेफेरॉक्सामाइन (लोह बांधून कमी करणारे औषध) रात्रभर द्या आणि काहींना फेरिक अमोनियम सायट्रेट (लोह पुरविणारा क्षार). लोह कमी पडले की आयआरपी ही लोहनियामक प्रथिने ग्राहीच्या संदेशवाहक आरएनएच्या ३' टोकाकडील पाच वळशांना चिकटून त्याला तुटण्यापासून वाचवितात, त्यामुळे पट्टी वाढते. लोह वाढले की उलट घडते. यकृतपेशींत हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण हेप-जी-टू मध्ये ट्रान्सफेरिन ग्राही-२ देखील असतो, त्याचा बाहेरचा भाग ग्राही-१ शी सुमारे ४५ टक्के जुळतो आणि ब्लॉटवर तो जवळपास त्याच उंचीवर येतो. त्याच्या आरएनएवर हे वळसे नसल्यामुळे तो असा वर-खाली होत नाही. एसआयआरएनएने (ठरावीक जनुकाचा संदेश बंद करणाऱ्या छोट्या आरएनएने) ग्राही-१ दाबून दाखविता आला, तर आणखी उत्तम.

सागरमाळ_पॅथॉलॉजी

मधेच विचारतो, पण विषय हाच आहे. आमच्याकडे रक्तक्षयाचे रुग्ण बरेच येतात. शरीरात दाह असला की फेरिटिन (लोहाचा साठा दाखविणारे प्रथिन) वाढते आणि लोहाची कमतरता झाकली जाते, म्हणून रक्तातील विद्राव्य ट्रान्सफेरिन ग्राही मोजण्याचा विचार आहे. त्यासाठी एच-६८.४ चालेल काय?

दसरा_चौक

चालणार नाही. रक्तात फिरणारा विद्राव्य ग्राही हा शरीरातीलच प्रोटिएजने १००व्या अमिनो आम्लापाशी कापलेला बाहेरचा भाग असतो. शेपटी पेशीपाशीच राहते, त्यामुळे एच-६८.४ला तेथे धरायला काहीच नसते. बाहेरच्या भागावरील प्रतिपिंडांवर आधारलेला तयार संच घ्यावा, आणि संच बदलला की संदर्भमर्यादाही बदलतात हे लक्षात ठेवून अहवाल द्यावा.

राजारामपुरी_संशोधक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खरवडून काढलेल्या अर्काचा ब्लॉट काल झाला. हेप-जी-टू मध्ये ९५ वरची पट्टी आता सहज दिसते आणि त्याच बशीच्या जोडीदार बशीला ट्रिप्सिन दिले असता ती पुन्हा फिकी पडते. सरांनी नवीन कुपीची मागणी रद्द करून ओकेटी-९ मागवायला सांगितले आहे. एक शंका उरते: अर्क ९५ अंशांवर उकळावा की ७० अंशांवर दहा मिनिटे ठेवावा?

पेशी_आणि_पिंड

पेशीपटल अनेकदा ओलांडणारी प्रथिने उकळल्यावर गुठळ्या होऊन जेलमधील वेलच्या (नमुना घालण्याच्या खाचेच्या) तोंडाशी अडकतात. हा ग्राही एकदाच ओलांडतो, त्यामुळे ९५ अंश चालतात. वेलच्या तोंडाशी डाग दिसलाच, तर ७० करून पाहा. डीटीटी मात्र ताजे घाला, अन्यथा सल्फरचे दुवे न सुटता १८० च्या आसपास जोडग्राहीची दुसरी पट्टी दिसेल. आणि कुपीतील प्रतिपिंड लहान लहान भागांत वाटून ठेवा, म्हणजे दरवेळी सगळी कुपी गोठवावी-वितळवावी लागणार नाही. वीज वारंवार जाते त्या दिवसांत चालू भाग फ्रिजच्या दारात न ठेवता आत मागच्या बाजूला ठेवा.