मदत हवी आहे: सांगलीच्या उन्हाळ्यात अ‍ॅक्सोलॉटलचं पाणी कसं सांभाळू?

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत, विश्रामबागच्या बाजूला राहतो. भाची नोकरीसाठी परदेशात गेली आणि तिचा अ‍ॅक्सोलॉटल मार्चपासून आमच्याकडे आहे. हा पाण्यातच राहणारा, चार पायांचा उभयचर प्राणी. पांढरा-गुलाबी, काळ्या डोळ्यांचा, वीतभर लांब. घरातल्या सगळ्यांना त्याचा लळा लागलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टँक तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि तेवढाच उंच. त्यात साधारण १२० लिटर पाणी असतं. तळाला काही नाही, नुसती काच. लपायला एक आडवं मडकं आणि हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर. पुण्याहून आणताना टँक रिकामा करावा लागला, प्रवासात स्पंजही वाळला होता. इथे आल्यावर सगळं तिने सांगितलं तसंच परत लावलं.

पाणी अगदी नितळ आहे, वासही नाही. पण आठवडाभरापासून त्याचं लक्षण ठीक दिसत नाही. एरवी मागे पसरलेले, डोक्याबाहेरचे पिसांसारखे कल्ले आता पुढे, तोंडाच्या दिशेने वळलेत. शेपटीचं टोक आत मुडपलेलं असतं. गांडूळ तोंडात घेतो, दोनदा चावल्यासारखं करतो आणि बाहेर टाकतो. दुपारी चारच्या सुमारास पाणी २८ अंशांवर जातं, पहाटे २५. पाणी तपासायच्या थेंबांच्या किटवर अमोनिया ०.५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), नायट्राइट शून्य, नायट्रेट जवळजवळ शून्य आणि पीएच ८ आला.

आता प्रश्न. घरात तीन प्रकारचं पाणी आहे, महापालिकेचं नळाचं, बोअरचं आणि आरओचं. यातलं कोणतं वापरू? हॉलमध्ये एसी नाही, मग एवढ्या उन्हात पाणी थंड कसं ठेवायचं? फ्रीजरमधल्या बर्फाच्या बाटल्या सोडल्या तर चालतील का? इथल्या एका दुकानात सांगितलं की दर आठवड्याला सगळं पाणी बदला आणि स्पंज नळाखाली खळखळून धुवा. मला ते पटत नाही. अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं.

घाटमाथा:

ताई, साताऱ्याहून लिहितोय. आमच्याकडे दोन अ‍ॅक्सोलॉटल आहेत.

तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट एका वाक्यात येऊन गेली: स्पंज वाळला. विष्ठा आणि उरलेल्या खाण्यातून होणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू त्या स्पंजवरच वाढतात. तो कोरडा पडला की ते संपले. म्हणून तुमच्या टँकमध्ये अमोनिया आहे आणि नायट्रेट मात्र नाही. टँक जुना असला तरी जिवाणूंच्या हिशोबाने तो कोरा आहे. पाण्याच्या नितळपणावर जाऊ नका, अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

उकाडा आणि अमोनिया हातात हात घालून त्रास देतात. पाण्यातल्या एकूण अमोनियाचा थोडाच भाग विषारी रूपात असतो, पण पाणी तापलं किंवा पीएच चढला की तो भाग वाढतो. पीएच ८ धरला तर १८ अंशांना तो साधारण ३ टक्के असतो, २८ अंशांना ६ टक्क्यांच्या वर. म्हणजे तेच ०.५ चं रीडिंग दुपारी १८ अंशांच्या मानाने दुप्पट बाधतं. त्यात गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि बिचाऱ्याचे कल्ले आधीच चुरचुरत असतात. हा प्राणी मूळचा मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोचा, समुद्रसपाटीपासून २२०० मीटरहून उंचावरचा. आपलं महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे, त्यावरून अंदाज घ्या. त्याला १६ ते १८ अंश मानवतात, २० पर्यंत ठीक, २४ च्या वर तो आजारी पडायला लागतो.

त्यामुळे आजच त्याला टँकमधून बाहेर काढा. वीस-पंचवीस लिटरचा नवा प्लॅस्टिकचा टब घ्या, साबण न लावता नुसत्या पाण्याने धुवा. जाळीने पकडू नका, कल्ल्यांचे तंतू जाळीत अडकतात. मोठा डबा पाण्यात बुडवून त्याला डब्यात येऊ द्या आणि पाण्यासकट उचला. टब घरातल्या सगळ्यात गार खोलीत फरशीवर ठेवा, वर भोकं पाडलेलं झाकण, कारण हे उडी मारतात. टबातलं पाणी रोज पूर्ण बदलायचं. टबात फिल्टर नसतो, म्हणून तिथे रोजचा बदल हाच फिल्टर. नवं पाणी आधीच्या पाण्याच्याच तापमानाचं हवं.

टँक मात्र चालू ठेवा. प्राणी काढलेल्या, पण पाणी भरलेल्या टँकमध्ये सुगंध किंवा साबण नसलेलं शुद्ध अमोनियाचं द्रावण थेंबाथेंबाने टाकून रीडिंग २ पीपीएमवर आणा. टाकलेला अमोनिया आणि त्यातून झालेलं नायट्राइट, दोन्ही २४ तासांत शून्य झाले आणि नायट्रेट दिसू लागलं की टँक तयार. याला साधारण चार ते आठ आठवडे लागतात. ओळखीत कुणाचा निरोगी माशांचा जुना टँक असेल तर त्यांच्या फिल्टरचा स्पंजाचा तुकडा ओलाच आणा, बराच वेळ वाचेल. या काळात टँक थंड करायची गरज नाही, जिवाणूंना २८ अंश आवडतात.

दुकानातला सल्ला तुम्हाला पटला नाही ते बरोबरच आहे. टँक तयार झाल्यावर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदललं की पुरतं. स्पंज त्याच काढलेल्या जुन्या पाण्यात हलक्या हाताने पिळायचा. नळाखाली धरला तर क्लोरीनने जिवाणू जातात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पाण्याबद्दल: नळाचं वापरा, पण थायोसल्फेटवालं क्लोरीन काढायचं औषध टाकूनच. बादली रात्रभर उघडी ठेवली तर क्लोरीन उडून जातो, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर तो तसाच राहतो. बोअरचं पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं आणि अ‍ॅक्सोलॉटलला जड पाणी मानवतं, पण ऊसपट्ट्यात खतांचं नायट्रेट झिरपून आलेलं असू शकतं. आधी किटवर तपासा. मुळातच २० पीपीएमच्या वर असेल तर नको. आरओचं पाणी मुख्य पाणी म्हणून अजिबात नको, त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम निघून गेलेलं असतं.

द्राक्षबाग:

गांडुळं कुठून आणता ते सांगाल का? आमची तासगाव बाजूला बाग आहे म्हणून विचारतोय. बागेतली किंवा बांधावरची अजिबात देऊ नका. वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) फवारलेल्या मातीत तांबं साचतं, शिवाय इतर औषधं असतातच. गांडूळखताच्या बेडमधली लाल बारीक गांडुळं डिवचली की कडवट पिवळसर द्रव सोडतात, ती बरेच अ‍ॅक्सोलॉटल थुंकतात. त्यामुळे थुंकणं नेहमी आजाराचंच असतं असं नाही. ज्या परसात कधीच फवारणी झालेली नाही तिथली मोठी तपकिरी गांडुळं घ्या. उरलेला तुकडा मोठ्या ड्रॉपरने लगेच उचला, तो सडला की अमोनियाच होतो.

कृष्णाकाठ:

दोघांचेही मनापासून आभार. गांडुळं खताच्या बेडमधलीच होती, उद्यापासून शेजारच्या परसातली देते. टब आणला, आत्ताच त्याला त्यात हलवलं.

अजून दोन गोष्टी. रोज वीस लिटर थंड पाणी तयार कसं ठेवायचं? घरी तांब्याचा मोठा हंडा आहे, त्यात पाणी छान गार राहतं. आणि उन्हाळ्यात दुपारी वीज जाते, तेव्हा पुढे टँकचं काय?

घाटमाथा:

तांब्याचा हंडा नको. तांबं उभयचरांना फार कमी प्रमाणातही विषारी असतं. त्याऐवजी नवा मोठा माठ घ्या आणि तो फक्त याच कामाला ठेवा. पहिले काही दिवस पाणी भरून ओतून टाका म्हणजे मातीचा वास जाईल. मग औषध टाकलेलं नळाचं पाणी रात्री त्यात भरून खिडकीजवळ वाऱ्यावर ठेवा. पहाटे पाणी सगळ्यात गार असतं, टबाचं पाणी तेव्हाच बदला. थर्मामीटर दोन्हीकडे लावून बघा, एक-दोन अंशांपेक्षा जास्त फरक असेल तर हळूहळू मिसळा.

टब आणि पुढे टँक, दोन्हीवर छोटा पंखा असा लावा की वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून जाईल. बाष्पीभवनाने दोन ते चार अंश उतरतात. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी हे छान चालतं, जूनमध्ये हवा दमट झाली की कमी, पण तोवर उकाडाही उतरलेला असतो. पंख्याने टँकचं पाणी रोज घटेल. वाफ जाते आणि क्षार मागे राहतात, म्हणून घटलेलं पाणी भरायला आरओचं घ्या. तुमच्या आरओचा खरा उपयोग इथे आहे. बर्फाच्या बाटल्या आणीबाणीलाच. बाटली वितळली की पाणी पुन्हा चढतं आणि हा चढउतार त्याला कायम २३ अंशांवर राहण्यापेक्षा जास्त छळतो. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याला एसीच्या खोलीत हलवणं किंवा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) घेणं जमलं तर जरूर करा. सांगलीत मे महिना नुसत्या पंख्यावर काढणं अवघड आहे, हे स्पष्टच सांगतो.

वीज गेली तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लावा. हवा थांबली की स्पंजमधले जिवाणू काही तासांत गुदमरायला लागतात.

पाणवठा:

एक राहिलं. अ‍ॅक्सोलॉटल साइट्स (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे परदेशी प्राणी पाळणाऱ्यांना नोंद करावी लागते, २०२४ मध्ये त्याचे नियमही आले. ही नोंद केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर होते. भाचीने केली असेल तर आता प्राणी तुमच्याकडे आला हेही कळवायला हवं. तिला विचारून घ्या.

घाटमाथा:

हो, ते महत्त्वाचं. आणि ताई, कल्ल्यांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ती बुरशी असते. मग थांबू नका, फोटो काढून उभयचरांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांना दाखवा. तोवर टबातल्या पाण्याचं अमोनियाचं रीडिंग इथे टाकत राहा, पहाटे पाणी बदलण्याआधीचं.