केळीच्या खोडाचे ‘चामडे’: खान्देशाला त्यातून काय मिळेल?

यावलकर (धागाकर्ता):
गेल्या आठवड्यात आमच्या बागेची कापणी आटोपली. घड गाडीत भरून गेले आणि मागे उभी खोडे राहिली. ती पाडण्याची आणि बांधावर ओढून टाकण्याची मजुरी घड विकून आलेल्या पैशांतूनच जाते, आणि त्या कामात चिकाचा जो काळपट डाग सदऱ्यावर पडतो तो कितीही धुतला तरी निघत नाही. केळीचे झाड एकदाच फळते. दीड मीटर बाय दीड मीटर लागवडीत हेक्टरी 4,444 झाडे बसतात, म्हणजे तेवढीच खोडे निघतात.

याच टाकाऊ भागापासून चामड्यासारखे साहित्य बनवणाऱ्या ‘बॅनोफी लेदर’ या कोलकात्याच्या नवउद्योगाला 2023 साली हल्ट पारितोषिक (विद्यार्थ्यांच्या नवउद्योगांसाठीची जागतिक स्पर्धा) मिळाले. रॉटरडॅममध्ये फेकून दिलेल्या आंब्यांपासून, इटलीत द्राक्षांच्या चोथ्यापासून, तर केरळात नारळाच्या पाण्यावर जिवाणू वाढवून असेच साहित्य तयार होते. जळगावच्या केळीला 2016 पासून भौगोलिक मानांकन आहे. मग खोडाचा उद्योग जिल्ह्यातल्या रावेर-यावलला का उभा राहू नये? त्यात जनावराचे कातडे लागत नाही आणि कातडे कमावताना वापरतात त्या क्रोमियमचे सांडपाणीही नदीत जात नाही. माझ्या मते आपण ही संधी घालवत आहोत.

धुळ्याचा चर्मकार:
आपल्या उत्साहाबद्दल आदर आहे, परंतु ‘चामडे’ या शब्दालाच माझी हरकत आहे. माझे आजोबा विहिरीची मोट शिवत असत. ती दिवसभर पाण्यात बुडायची, विहिरीच्या काठावरच्या थारोळ्यात रिकामी व्हायची, उन्हात तापायची, आणि तरीही हंगामामागून हंगाम टिकायची. फाटलीच तर ठिगळ लावता येई. ते कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले असे, त्यात क्रोमियमचा अंशही नव्हता. क्रोमियमचे पाप आजच्या बहुतेक कारखान्यांचे आहे, हे मी नाकारत नाही; पण त्यावरचा उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होता आणि तो आपणच मोडीत काढला.

आता आपण म्हणता त्या पर्यायांकडे पाहू. अननसाच्या पानांपासूनचे ‘पिन्याटेक्स’ घ्या. त्यात पानांच्या धाग्यांना बांधून ठेवण्यासाठी मक्यापासूनचे पॉलिलॅक्टिक आम्ल असते आणि वर पॉलियुरेथेनयुक्त (म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकच्या) राळेचा लेप असतो. सफरचंदाच्या चोथ्याचे म्हणून विकले जाणारे साहित्यही पॉलियुरेथेनशिवाय उभे राहत नाही. जर्मनीतील फ्रायबर्गच्या चर्मसंशोधन संस्थेने 2021 साली असे अनेक पर्याय तपासले, तेव्हा चामड्याचे सगळे गुण एकत्र दाखवणारा एकही सापडला नाही. इटलीने 2020 च्या कायद्याने प्राण्यांच्या कातड्याखेरीज अन्य साहित्याला ‘चामडे’ म्हणून विकायला बंदी केली आहे. शिवाय कातडे हेही टाकाऊच असते, कारण कातड्यासाठी म्हणून आपल्याकडे कोणी जनावर पाळत नाही.

रावेरचा केळी उत्पादक:
दोघांचेही वाद मला शहरी वाटतात, क्षमस्व. मूळ प्रश्न असा की खोड टाकाऊ आहे, हे ठरवले कोणी? पिलबाग (जुन्या झाडाच्या बुंध्याशी फुटलेल्या पिलावर घेतलेले पुढचे पीक) धरायचा असेल तर कापणीनंतर मूळ खोड आम्ही काही दिवस तसेच उभे ठेवतो, कारण त्यातले अन्नद्रव्य पिलाला मिळते. बाग मोडायचा असेल तर खोडाचे तुकडे करून ते जमिनीतच कुजवतो. केळीसारखे पालाश (पोटॅश) ओढणारे पीक दुसरे क्वचितच असेल. जमिनीतून घेतलेले ते पालाश खोडासोबत कारखान्याला दिले, तर पुढच्या हंगामात तेच पोत्याने विकत आणावे लागेल. खोडात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते, म्हणजे गाडीभाडे भरायचे ते पाणी वाहून नेण्याचे. घडाच्या भावात कटतीचा, म्हणजे व्यापाऱ्याने लावलेल्या कपातीचा, घोळ आम्ही रोज सोसतो, आता खोडालाही कटती लावून घ्यायची का?

एक ग्राहक, जळगाव:
मी दोन वर्षांपूर्वी ‘वनस्पतीजन्य’ म्हणून मिळणारी एक पर्स महाग घेतली होती. आपल्या मे महिन्याच्या उन्हात ती एकदा गाडीत विसरले. त्यानंतर तिचा वरचा पापुद्रा सुटू लागला आणि खाली साधे कापड दिसले. विक्रेत्याने दुरुस्तीला नकार दिला. चर्मकारदादांचे ठिगळ आठवले म्हणून लिहिले.

यावलकर:
रावेरच्या दादांचा मुद्दा मला सर्वांत जड वाटतो, म्हणून त्यालाच आधी उत्तर देतो. खोड गाडीत भरून न्यावे, असे मी म्हणत नाही. धागा काढण्याचे यंत्र बांधावर आणावे, सोपटे (खोडाचे एकावर एक थर) त्यातून काढावीत, आणि धागा तेवढाच बाहेर जावा. रस आणि चोथा शेतातच राहतो, पालाशही बहुतांशी रसातच असते. गुजरातच्या नवसारी कृषी विद्यापीठाने याच रसापासून द्रवरूप सेंद्रिय खत तयार केले आहे, आणि नवसारी काही आपल्याला परकी नाही. पिलबागेतले खोड उभे राहू द्यावे, हे मान्य. मग यंत्राला खोडे मिळतील ती मोडणाऱ्या बागांतली. वर मी सगळीच खोडे धरून हिशेब केला, ती माझी चूक.

लेपाच्या बाबतीत मी चर्मकारांशी वाद घालणार नाही. पर्सचा अनुभव वाचून तर नाहीच. परंतु पॉलियुरेथेनचा थर असला तरी खालच्या कापडात केळीचा धागा आल्याने तेवढे खनिज तेलापासूनचे कापड वाचते, आणि धाग्याचा भाव रावेरात ठरला तर मजुरीही रावेरातच राहते. भाव कसा ठरवावा, हे मात्र कटती भोगलेल्यांनीच सांगावे.

रावेरचा केळी उत्पादक:
भाव ओल्या खोडावर नको, वाळलेल्या धाग्याच्या किलोवर असावा, आणि वजन आमच्याच काट्यावर व्हावे. यंत्राचे भाडे गटाने भरायचे असेल तर मोडणाऱ्या बागेतील अर्धा एकर मी कांदेबागेच्या (पावसाळ्यानंतरच्या केळीच्या) लागवडीआधी देऊन पाहीन.

धुळ्याचा चर्मकार:
तो धागा निघाला की हातभर कापड मलाही पाठवा. मी त्याला आरीने भोके पाडून शिवतो, रात्रभर पाण्यात ठेवतो, दुसऱ्या दिवशी पत्र्यावर वाळवतो आणि टाक्याजवळ ते फाटते की नाही ते इथेच लिहितो. टिकले तर त्याच्या चपला मी स्वतः बनवीन. फक्त पाटीवर ‘केळीचे कापड’ असे लिहा.