स्पोर्ट्स कारचं पुढचं इंजिन लहान असेल की मोठं?

चाकणकर: लहान इंजिनाला मोठा टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) आणि जड बॅटरी जोडून ताकद काढायचे दिवस भरत आलेत, असं माझं ठाम मत आहे. मर्सिडीजने सी ६३ या गाडीतला चार लिटरचा व्ही ८ (आठ सिलिंडरचं इंजिन) काढला आणि दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन व जोडीला इलेक्ट्रिक मोटर बसवली. कागदावर ६८० हॉर्सपॉवर, पण गाडी दोन टनांच्या वर गेली आणि जुन्या चाहत्यांनी नाक मुरडलं.

उलट पोर्शेने २०२४ च्या ९११ जीटीएसमध्ये इंजिन ३.० वरून ३.६ लिटर केलं. टर्बो इंजिन पूर्ण ताकदीने पळवलं की एक्झॉस्ट भयंकर तापतो. तो थंड ठेवायला आजवर गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडायचे. त्याने कार्बन मोनॉक्साइड वाढतो, आणि युरोपातले नियम आता ते चालू देणार नाहीत. हवा-पेट्रोलचं प्रमाण कायम १४.७ ला १, म्हणजे पेट्रोल पुरतं जळेल इतकंच, ठेवायचं, तर तेवढीच ताकद काढायला इंजिन मोठं लागतं. बॅटरी फक्त १.९ युनिटची, आणि टर्बोच्या शाफ्टवरच एक मोटर. पाय दिला की एक्झॉस्टचा जोर यायची वाट न बघता टर्बो फिरतो. वजन वाढलं ५० किलो. मला तरी हाच रस्ता दिसतो.

बाणेरचा_ईव्हीवाला: टर्बो फिरवायलाही मोटर लागत असेल, तर मधलं इंजिन हवंच कशाला? रिमॅक नेव्हेरा ही इलेक्ट्रिक गाडी बघा, १,९१४ हॉर्सपॉवर. चार चाकांना चार मोटरी, प्रत्येक चाकाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) वेगळा सांभाळता येतो. हे कुठल्याही डिफरेन्शियलला (इंजिनाचा जोर चाकांत वाटणाऱ्या गिअरला) जमणार नाही.

चाकणकर: आणि वजन २,३०० किलो! सरळ रस्त्यावर चालून जातं, वळणावर टायर आणि ब्रेक त्याची किंमत मोजतात. शिवाय ज्या मेट रिमॅकने ती गाडी बनवली, त्याच्याच हाताखालच्या बुगाटीने टूरबियाँ या गाडीसाठी ८.३ लिटरचा व्ही १६ घेतला, तोही टर्बोशिवाय. मोटरी आहेत, पण इंजिनाच्या जोडीला.

भोसरी_क्रँकशाफ्ट: दादा, पोर्शेवरून सगळ्यांचं ठरवू नका. लॅम्बोर्गिनीने ५.२ लिटरचा व्ही १० बंद करून टेमेरारिओत चार लिटरचा ट्विन टर्बो व्ही ८ आणला. इंजिन लहान झालं, पण १०,००० आरपीएमला (मिनिटाला इतके फेरे) जातं. ही काय चीज आहे ते आम्हाला विचारा. स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) तोच ठेवून ८,००० चे १०,००० केले, तर पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवरचा ताण दीडपटीहून जास्त होतो, कारण तो आरपीएमच्या वर्गाने वाढतो. म्हणून रॉड टायटॅनियमचे. क्रँकचा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) जिथे वेबला (बाजूच्या जाड पाकळीला) मिळतो, त्या फिलेटवर, म्हणजे गोलसर कोपऱ्यावर, ग्राइंडिंगची बारीकशी रेघ राहिली तरी क्रॅक तिथूनच सुरू होतो. बॅटरीवर चर्चा करणाऱ्यांनी एकदा तो फिलेट भिंगाखाली बघावा. लहान, हलकं, जास्त फिरणारं इंजिन, माझा कौल त्याला.

कोथरूड_इथेनॉल: इंधनाचं कुणीच बोललं नाही. इथेनॉलचा ऑक्टेन (दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची क्षमता) पेट्रोलपेक्षा बराच जास्त, आणि वाफ होताना ते सिलिंडरमधली उष्णता खेचून घेतं. चाकणकरांनी सांगितलेली जास्तीच्या पेट्रोलची अडचण इथेच हलकी होते. मग लहान इंजिनालाही कॉम्प्रेशन (पेटण्याआधी मिश्रण किती दाबायचं ते) वाढवता येईल. लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश, त्यामुळे टाकी मोठी लागेल, हे मान्य.

बाणेरचा_ईव्हीवाला: आणि त्या टाकीसाठी ऊस? मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात आणि आपण श्रीमंतांच्या गाडीसाठी पाणी पिणारं पीक लावायचं? हे मला अजिबात पटत नाही.

कोथरूड_इथेनॉल: पाण्याचा मुद्दा खरा आहे, मी तो उडवून लावणार नाही. म्हणूनच मी उसाच्या रसापासूनचं नाही, भाताचा पेंढा आणि बगॅस (उसाचं चिपाड) यांपासूनचं इथेनॉल धरून बोलतोय. ते महाग पडतं. पण कोट्यवधींची गाडी घेणाऱ्याला लिटरमागे जास्त पैसे मोजायला लावणं, यात मला काहीच गैर वाटत नाही.