अँटिव्हायरसची मेल-तपासणी आणि नव्या मेल प्रोग्रॅमची निवड : दोष नेमका कोणाचा?

प्रश्न : क्लिअरिंग_फोर्ट

नमस्कार. बॅलार्ड इस्टेटमधील एका लहान कस्टम्स क्लिअरिंग कार्यालयात मी पत्रव्यवहार आणि हिशेब सांभाळते. आयातदारांकडून इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग अशी कागदपत्रे आमच्याकडे दिवसभर मेलवर येत असतात आणि त्यांवरून तयार केलेली बिल ऑफ एंट्रीची (कस्टम्सला द्यायच्या आयात-घोषणापत्राची) चेकलिस्ट मंजुरीसाठी मेलनेच परत पाठवावी लागते. न्हावा शेवाला कंटेनर उतरल्यानंतर एखादा मेल अर्धा दिवस अडकला, तर डेमरेजचा (माल बंदरात मुदतीपेक्षा जास्त पडून राहिल्याच्या आकाराचा) भुर्दंड कोणी सोसायचा हा प्रश्न उभा राहतो, म्हणून हा विषय आमच्यासाठी किरकोळ नाही.

कार्यालयात विंडोज १० असलेल्या संगणकावर अजून विंडोज लाइव्ह मेल २०१२ हा मेल प्रोग्रॅम चालू आहे. कंपनीच्या डोमेनचे खाते पॉप पद्धतीचे (मेल सर्व्हरवरून संगणकावर उतरवून घेणारे) आहे, शिवाय एक जीमेल खाते आहे. अँटिव्हायरसमधील ई-मेल तपासणी पहिल्यापासून चालू आहे. अलीकडे मोठी पीडीएफ जोडलेला मेल उतरू लागला की हिरवी पट्टी एका जागी थांबते, थोड्या वेळाने सर्व्हरकडून उत्तर आले नाही असा संदेश येतो, आणि पुन्हा 'सेंड-रिसीव्ह' केले की आधी आलेले मेलही दुसऱ्यांदा उतरतात.

हा प्रोग्रॅम जुना झाला म्हणून असे होत असावे, असे समजून मी थंडरबर्ड हा दुसरा मेल प्रोग्रॅम बसवून पाहिला. त्यात तर खाते जोडतानाच सर्टिफिकेट (सर्व्हरची ओळख पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र) अवैध असल्याची सूचना आली. लॅमिंग्टन रोडवरील आमचे नेहमीचे दुकानदार अँटिव्हायरस पूर्ण काढून टाका म्हणतात, आणि आमच्या साहेबांना आउटलुक हवे आहे. दोष अँटिव्हायरसचा, मेल प्रोग्रॅमचा की सर्व्हरचा, हे कसे ओळखावे? तपासणी बंद केली तर धोका किती? आणि नवा प्रोग्रॅम निवडताना नेमके काय पाहावे?

उत्तर : पोर्ट_९९५

ताई, आपण दिलेल्या तपशिलावरून लाइव्ह मेलमधील अडकणे आणि थंडरबर्डमधील सर्टिफिकेटची सूचना ही मला एकाच कारणाची दोन रूपे वाटतात.

मेल-तपासणी चालू असताना मेल प्रोग्रॅम आपल्या सर्व्हरशी थेट बोलत नाही. अँटिव्हायरस मध्ये उभा राहतो, सर्व्हरकडून संपूर्ण मेल स्वतः घेतो, अटॅचमेंट उलगडून तपासतो आणि मगच पुढे देतो. मेलमधून जाताना अटॅचमेंटचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, म्हणजे १५ एमबीची पीडीएफ प्रत्यक्षात २० एमबी होऊन प्रवास करते; ती पूर्ण येऊन तपासून होईपर्यंत मेल प्रोग्रॅमच्या हाती काहीच पडत नाही. लाइव्ह मेलची वाट पाहण्याची मूळ मर्यादा एक मिनिट आहे. ती संपली की तो जोडणी तोडतो.

दुहेरी मेलचे कारणही येथेच आहे. पॉपच्या १९९६ सालच्या प्रमाणकानुसार, मेल प्रोग्रॅमने 'हा मेल पुसा' असे सांगितले तरी सर्व्हर तो लगेच पुसत नाही. शेवटी 'क्विट' हा निरोप पोहोचल्यावरच पुसण्याचे काम होते. जोडणी मध्येच तुटली तर तो निरोप जात नाही, सर्व्हर सगळे मेल जसेच्या तसे ठेवतो आणि पुढच्या वेळी तेच पुन्हा येतात. मेलची प्रत सर्व्हरवर ठेवण्याचा पर्याय निवडला असेल तर कोणते मेल उतरवून झाले याची नोंद मेल प्रोग्रॅमला ठेवावी लागते, आणि जोडणी तुटल्यावर तीही अर्धवट राहू शकते.

आता थंडरबर्ड. एन्क्रिप्टेड जोडणी, म्हणजे पॉपसाठी ९९५ आणि आयमॅपसाठी (ज्या पद्धतीत मेल सर्व्हरवरच राहतात) ९९३ क्रमांकाचे पोर्ट, वापरली जात असेल तर अँटिव्हायरसला आतला मजकूर दिसत नाही. तो दिसावा म्हणून तो सर्व्हरच्या सर्टिफिकेटऐवजी स्वतः तयार केलेले सर्टिफिकेट मेल प्रोग्रॅमपुढे ठेवतो आणि त्यावर विश्वास ठेवला जावा म्हणून आपले मूळ सर्टिफिकेट विंडोजच्या यादीत घालतो. लाइव्ह मेल आणि आउटलुक विंडोजची यादी मानतात, त्यामुळे ते तक्रार करत नाहीत. थंडरबर्ड स्वतःची वेगळी यादी बाळगतो, म्हणून त्याने आपल्याला सावध केले. त्या सूचनेमुळे तो प्रोग्रॅम सदोष ठरत नाही. मध्ये कोणीतरी आहे हे त्यानेच आपल्याला दाखवले.

खात्री करून घेणे सोपे आहे. त्या सूचनेच्या चौकटीत सर्टिफिकेट पाहण्याचा पर्याय असतो. ते उघडून 'इश्यूड बाय' या ओळीत कोणाचे नाव आहे ते वाचा. तेथे आपल्या अँटिव्हायरसचे नाव असेल तर प्रश्न मिटला. तेथे होस्टिंग कंपनीचे किंवा एखाद्या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे नाव असेल आणि तरीही सूचना येत असेल, तर सर्टिफिकेटची मुदत संपली आहे का आणि सेटिंगमध्ये लिहिलेले सर्व्हरचे नाव सर्टिफिकेटवरील नावाशी जुळते का, हे पाहावे लागेल. तोपर्यंत 'सिक्युरिटी एक्सेप्शन' देऊन, म्हणजे सूचना डावलून त्या सर्टिफिकेटला परवानगी देऊन, पुढे जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ती सवय एकदा लागली की स्टेशनवरच्या फुकट वायफायवर कोणी खोटे सर्टिफिकेट पुढे केले तरी हात आपोआप त्याच बटणावर जातो.

त्यानंतर अँटिव्हायरस न काढता त्यातील फक्त ई-मेल तपासणी बंद करा, संगणक पुन्हा चालू करा आणि तोच मोठा मेल उतरवून पाहा. तरीही अडकला तर संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घेऊन पाहा, म्हणजे कार्यालयाच्या इंटरनेट जोडणीचा दोष वेगळा काढता येईल.

उत्तर : विलेपार्ले_पूर्व

वरील निदानाशी मी सहमत आहे. धोक्याविषयी आणि निवडीविषयी थोडे लिहितो.

मेल-तपासणी बंद केल्याने संगणक उघडा पडत नाही. अँटिव्हायरसचा जो भाग प्रत्येक फाइल उघडताना किंवा साठवताना तपासतो, तो वेगळा असतो आणि चालूच राहतो. अटॅचमेंटवर दोनदा क्लिक केले की मेल प्रोग्रॅम ती आधी तात्पुरत्या फोल्डरमध्ये लिहितो आणि तेथेच ती पकडली जाते. मेलमधली तपासणी हे त्याच कामाचे आधीचे पाऊल आहे. उलट, पासवर्ड घातलेली झिप फाइल मेलच्या वाटेवर कोणालाच उघडून पाहता येत नाही. ती आपण उघडतो तेव्हाच तपासली जाते. दुकानदारांनी सांगितल्याप्रमाणे अँटिव्हायरस पूर्ण काढण्याची गरज नाही.

आता निवड. विंडोज लाइव्ह मेलचा आधार मायक्रोसॉफ्टने १० जानेवारी २०१७ रोजी थांबवला, त्यामुळे तो बदलायचाच आहे. विंडोजमधील साधे 'मेल' ॲपही २०२४ च्या अखेरीस बंद झाले, म्हणून तो पर्याय उरत नाही. राहिलेल्या पर्यायांत फरक दिसण्याचा नाही. मेल कोठे आणि कसे साठवले जातात हा खरा फरक आहे, आणि अँटिव्हायरसशी संघर्ष होतो तो तेथेच.

लाइव्ह मेल प्रत्येक पत्राची वेगळी 'ईएमएल' फाइल करतो. एखादे पत्र दूषित निघाले तर अँटिव्हायरस तेवढीच फाइल उचलतो. थंडरबर्डमध्ये मूळ मांडणीनुसार संपूर्ण इनबॉक्स ही एकच फाइल असते. त्यातील एका जुन्या मेलमध्ये काही सापडले तर अँटिव्हायरस ती अख्खी फाइल क्वारंटाइनमध्ये टाकू शकतो, म्हणजे एका खराब पानासाठी पूर्ण वही कपाटात बंद होते. पॉप खात्यात सर्व्हरवर प्रत नसेल तर हे नुकसान भरून काढणे अवघड जाते. म्हणून थंडरबर्ड घेतलात तर दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करा. 'हेल्प' मधील 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडून प्रोफाइल फोल्डर कोठे आहे ते पाहा आणि ते अँटिव्हायरसच्या वगळण्याच्या यादीत घाला. आणि थंडरबर्डच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' या भागात, येणारे मेल एकेक करून क्वारंटाइन करू देण्याचा जो पर्याय आहे, तो चालू करा.

आणखी एक अनुभव अनेकांना बुचकळ्यात टाकतो. संशयित मेल पुसला, 'ट्रॅश' रिकामी केली, तरी अँटिव्हायरस तीच सूचना देत राहतो. याचे कारण असे की थंडरबर्डमध्ये पुसलेला मेल फोल्डर 'कॉम्पॅक्ट' होईपर्यंत, म्हणजे पुसलेले मेल त्यातून खरोखर काढले जाईपर्यंत, त्या फाइलमध्येच पडून असतो. फोल्डरवर उजवी क्लिक करून 'कॉम्पॅक्ट' केले की सूचना थांबते.

साहेबांना आउटलुक हवे असेल तर कोणते आउटलुक हे आधी ठरवावे. जुने, म्हणजे क्लासिक आउटलुक, मेल स्वतःच्या पीएसटी फाइलमध्ये ठेवते आणि अँटिव्हायरस त्यात 'ॲड-इन' (जोड-प्रोग्रॅम) म्हणून शिरतो. ते आउटलुक रेंगाळू लागले की पहिली नजर त्या ॲड-इनवर टाकावी. नव्या आउटलुकमध्ये अशी जुन्या पद्धतीची ॲड-इन चालतच नाहीत. शिवाय त्यात बाहेरचे आयमॅप खाते जोडले की त्याचे मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडशी सिंक होतात. आयातदारांच्या मालाच्या किमती आणि बँकेचे तपशील ज्या मेलमध्ये असतात, ते असे तिसऱ्या ठिकाणी जाऊ द्यायचे का, हा निर्णय साहेबांनी समजून घेऊनच करावा. माझ्या मते आपल्या कार्यालयासाठी थंडरबर्ड योग्य आहे, आणि डोमेनचे खाते शक्य असेल तर आयमॅपवर न्यावे, म्हणजे संगणकावरील फाइलला काहीही झाले तरी सर्व्हरवरची प्रत शाबूत राहील.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : क्लिअरिंग_फोर्ट

दोघांचेही मनापासून आभार. सर्टिफिकेट उघडून पाहिले. 'इश्यूड बाय' समोर अँटिव्हायरसचेच नाव आहे. मेल-तपासणी बंद केल्यावर एका आयातदाराचा अडकलेला मोठा मेल लाइव्ह मेलमध्येही विनाअडथळा उतरला आणि थंडरबर्डने खाते काही न विचारता जोडून घेतले.

दोन शंका उरल्या आहेत. आमच्याकडे नव्याने आलेली मुले घाईत कोणतीही अटॅचमेंट उघडतात, तेव्हा ही तपासणी बंद ठेवणे बरे का? आणि लाइव्ह मेलमधील इतक्या वर्षांचा पत्रव्यवहार थंडरबर्डमध्ये कसा न्यावा?

उत्तर : कांजूरमार्ग_सिस्टिम्स

पहिल्या शंकेबद्दल माझे मत वरच्या उत्तरांपेक्षा थोडे वेगळे आहे. एकट्या माणसाच्या संगणकावर मेल-तपासणी बंद ठेवण्यास माझी हरकत नाही. पण जेथे अनेकजण एकाच पत्त्यावरचे मेल हाताळतात, तेथे दूषित मेल कोणाच्या डोळ्यांपुढे येण्याआधीच अडवला जावा. मात्र ते काम प्रत्येक संगणकावर करण्याऐवजी सर्व्हरवर व्हावे. जीमेल अटॅचमेंटची तपासणी स्वतःच करते. आपल्या डोमेनच्या खात्यासाठी होस्टिंग कंपनीला मेल-फिल्टरची सोय आहे का असे लेखी विचारा. नसेल तर तेवढ्या एका कारणासाठीही सेवा बदलणे योग्य ठरेल. आणि एक धोका कोणतीही तपासणी पकडत नाही: ओळखीच्या फॉरवर्डरच्या (मालवाहतूक एजंटच्या) नावाने 'आमचे बँक खाते बदलले आहे' असा साधा मजकुराचा मेल येतो, त्यात व्हायरस नसतोच. अशा वेळी आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून विचारल्याखेरीज पैसे पाठवू नयेत, आणि पैसे गेलेच तर विलंब न लावता १९३० या सायबर-फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

दुसऱ्या शंकेबद्दल. लाइव्ह मेलची पत्रे सुट्या फाइलींत असल्याने ती नेणे त्या मानाने सोपे आहे. थंडरबर्डमध्ये 'इम्पोर्ट-एक्स्पोर्ट टूल्स एनजी' हे ॲड-ऑन घाला, 'लोकल फोल्डर्स' खाली वर्षवार फोल्डर करा आणि त्या त्या फोल्डरमध्ये ईएमएल फाइली आयात करा. सगळे एकाच फोल्डरमध्ये ओतू नका, कारण वर सांगितल्याप्रमाणे एक फोल्डर म्हणजे एक फाइल आणि ती फार मोठी झाली की 'कॉम्पॅक्ट' करायलाही वेळ लागतो. आयातीच्या आधी लाइव्ह मेलचे संपूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून त्यावर अँटिव्हायरसची सविस्तर तपासणी चालवा. जे दूषित असेल ते सुट्या फाइलीच्या स्वरूपातच बाजूला काढले, तर पुढे अख्खा इनबॉक्स पणाला लागणार नाही.

जीमेल खाते जोडताना नेहमीचा पासवर्ड मेल प्रोग्रॅममध्ये लिहून चालत नाही. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ती सोय ३० मे २०२२ पासून काढून घेतली. थंडरबर्ड 'ओऑथ-२' ही पद्धत वापरतो, म्हणजे गूगलचे स्वतःचे पान उघडते आणि परवानगी तेथे दिली जाते. त्यासाठी कुकीज बंद केल्या असतील तर त्या चालू कराव्या लागतात.

शेवटी, फाइल तपासणारा भाग खरोखर चालू आहे ना, याची परीक्षा घ्या. 'आयकार' या संस्थेची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-ओळ त्याच संस्थेच्या संकेतस्थळावर मिळते. ती साध्या मजकूर-फाइलीत साठवताच अँटिव्हायरसने ती पकडली पाहिजे. ही परीक्षा मुलांच्या प्रत्येक संगणकावर घ्या, आणि ज्या संगणकावर ती फाइल निमूटपणे साठवली जाईल, त्यावर मेल उघडणे दुरुस्ती होईपर्यंत थांबवा.